पोळ्याचा घास आणि बैलाचे पोट

पोळ्याला वरणगाव परिसरात बैलाला पुरणपोळी भरवतात. एखाद्या पोळीने बिघडत नाही. टोपलीभर पोळ्या मात्र जिवावर बेततात. असे का?

बैलाच्या कोठीपोटातील जिवाणू कडबा सावकाश आंबवतात. तेथील सामू साधारण ६ ते ७ असतो. गूळ आणि पीठ झपाट्याने आंबतात. लॅक्टिक आम्ल साचून सामू ५ च्याही खाली जातो. तंतू पचवणारे जिवाणू मरतात, रवंथ थांबते, आम्ल रक्तात उतरते. जास्तीचे तूपही तंतूंच्या पचनात अडथळा आणते. सुस्ती, पातळ शेण, लंगडणे दिसताच पशुवैद्यकाला बोलवावे.

वर्गात विचारा: हीच पोळी आपल्याला कशी पचते? आपली पाचक विकरे ती आधी पचवतात. बैलाच्या पोटात अन्न प्रथम जिवाणूंच्या हाती पडते.