फसलेल्या उपायाची नोंद

महाराष्ट्रातल्या बहुतेक शिक्षकांची कृतिसंशोधनाशी पहिली गाठ बी.एड. किंवा डी.एड. करताना पडते, आणि अनेकांची शेवटचीही तीच. समस्या, गृहीतक, कार्यवाही, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीची कोष्टके, शेवटी उपाय यशस्वी झाल्याचा निष्कर्ष. फाइलला गुण मिळतात, पण ही पद्धत ज्यासाठी जन्मली तेच निसटते. कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये योजना, कृती आणि परिणामांची तपासणी यांची पुन्हापुन्हा येणारी आवर्तने मांडली. स्टीफन कोरी यांनी १९५३ च्या पुस्तकात हा विचार अमेरिकी शाळांना लागू केला. शिक्षकाने स्वतःच्या अध्यापनाचे संशोधक व्हावे, असे लॉरेन्स स्टेनहाऊस यांनी इंग्लंडमध्ये १९७५ मध्ये आग्रहाने सांगितले. उपाय फसला तर पुढचे आवर्तन तिथूनच सुरू होते. म्हणून फसल्याची नोंद करण्याची मोकळीक नसेल, तर कृतिसंशोधन होतच नाही, असे माझे ठाम मत आहे.

तिसरीच्या वर्गातले ५२ वजा २७ हे गणित घ्या. कित्येक मुले उत्तर ३५ लिहितात. ‘वजाबाकी कच्ची’ असा शेरा मारला की विषय संपतो. वही नीट पाहिली तर दिसते की मूल दोन्ही स्थानांवर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे. त्याच्या चुकीला नियम आहे. मग शिक्षक दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या देतात. काड्यांवर उत्तर २५ येते आणि वहीत पुन्हा ३५. फाइलमध्ये ही गोष्ट दडवली जाते, आणि खरे तर शिकण्यासारखे इथेच आहे: गठ्ठा सोडणे आणि कागदावर दशक सुटा करणे या दोन्ही कृती एकच आहेत, हे मुलाला अजून उमगलेले नाही. पुढचा उपाय त्या नोंदीतूनच सुचतो. प्रत्येक गठ्ठा सोडताच तेवढाच बदल वहीत लिहायचा.

आपल्याकडे ही दृष्टी नवी नाही. १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहून, बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कोसबाडला कुरणशाळा निघाली. दोष मुलांच्या माथी न मारता त्यांनी शाळेची रचनाच बदलली.

एका वर्गावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. शिवाय स्वतःचेच काम तपासताना मन पक्षपाती होते. म्हणूनच मुलांच्या वह्या जपून ठेवाव्यात आणि सहकाऱ्याला वर्गात बसवून त्याचे निरीक्षण ऐकावे. पण तो आक्षेप या कामाला निरुपयोगी ठरवत नाही, कारण याच वर्गात उद्या काय बदलायचे एवढाच इथला प्रश्न असतो. वेळेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांखाली दबलेल्या शिक्षकाकडून आणखी एक अहवाल मागणे हा अन्याय आहे. तेव्हा अहवाल मागूच नयेत. केंद्रप्रमुखांनी पुढच्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेकडून न जमलेल्या एका उपायाची पानभर नोंद घ्यावी आणि चर्चा त्यावरच घडवावी.