टाइमआउट आणि इंटरप्ट यांमधील स्पर्धास्थिती

टाइमआउट आणि इंटरप्ट यांमधील स्पर्धास्थिती (रेस कंडिशन) हा डिव्हाइस ड्रायव्हरांमध्ये आढळणारा एक दोष आहे. उपकरणाने काम पूर्ण केल्याची सूचना देणारा इंटरप्ट आणि त्याच कामाची मुदत संपल्याचे सांगणारा टाइमर जवळजवळ एकाच क्षणी येतात, तेव्हा एकच विनंती दोनदा निकालात निघण्याचा धोका निर्माण होतो.

स्वरूप

डिस्कवरील माहिती वाचताना ड्रायव्हर उपकरणाला आज्ञा व स्मृतीतील पत्ता देतो आणि टाइमर सुरू करतो. लिनक्समध्ये एनव्हीएमई डिस्कसाठी ही मुदत सामान्यतः ३० सेकंद असते. मुदत संपतानाच उत्तर आले, तर एका प्रोसेसरवर टाइमरचे फंक्शन आणि दुसऱ्यावर इंटरप्ट हँडलर एकाच वेळी चालू लागतात. एकाने मुक्त केलेली स्मृती दुसरा वापरतो.

याहून घातक प्रकार उपकरणाकडून घडतो. ड्रायव्हरने आज्ञा सोडून दिली, हे डिस्कला ठाऊक नसते. ती डीएमएद्वारे जुन्याच पत्त्यावर माहिती लिहिते. तोवर ती स्मृती दुसऱ्या प्रोग्रॅमला दिलेली असू शकते. मग बिघाड दिसतो भलतीकडेच, कधी कित्येक तासांनी.

उपाय

प्रत्येक विनंतीसोबत एक खूण ठेवून ती अविभाज्य क्रियेने तपासली व लावली जाते. जो मार्ग ती आधी लावतो, तोच विनंती पूर्ण करतो; दुसरा माघार घेतो. मात्र ही खूण केवळ सॉफ्टवेअरमधील वाद मिटवते. स्मृती परत करण्यापूर्वी आज्ञा खरोखर रद्द झाल्याची खात्री करावी लागते किंवा उपकरण रीसेट करावे लागते. उशिरा आलेले उत्तर नव्या आज्ञेचे समजले जाऊ नये म्हणून लिनक्सच्या एनव्हीएमई ड्रायव्हरमध्ये २०२१ पासून १६ बिटांच्या आज्ञाक्रमांकातील ४ बिट पिढी दर्शवण्यासाठी वापरले जातात.

ड्रायव्हर काढून टाकतानाही हाच पेच उद्भवतो. ‘टाइमर_डिलीट’ (२०२५ पर्यंत ‘डेल_टाइमर’) प्रलंबित टाइमर काढते, पण दुसऱ्या प्रोसेसरवर आधीच चालू झालेले फंक्शन थांबवत नाही. ‘टाइमर_डिलीट_सिंक’ (पूर्वीचे ‘डेल_टाइमर_सिंक’) ते संपेपर्यंत थांबते. पण बोलावणाऱ्याने धरलेलेच लॉक त्या फंक्शनला हवे असेल, तर दोघेही कायमचे अडकतात.

दोषशोधन

कोडमध्ये संदेश छापण्याच्या ओळी घातल्या की वेळा बदलतात आणि पुष्कळदा दोष दिसेनासा होतो. म्हणून एफट्रेससारख्या साधनाने घटनांची नोंद स्मृतीत करून दोन्ही प्रोसेसरांवरील क्रम नंतर जुळवतात. मुदत मुद्दाम काही मिलिसेकंदांवर आणणे किंवा पूर्ततेची सूचना कृत्रिमरीत्या गाळणे, यांमुळे दुर्मीळ योग वारंवार घडवता येतो. याउलट मुदत वाढवणे हा प्रचलित तोडगा फसवा आहे: दोष विरळ होतो, आणि विरळ दोष शोधणे अधिक कठीण.

केसॅन हे साधन मुक्त केलेल्या स्मृतीचा वापर पकडते, तर लिनक्स ५.८ (२०२०) मध्ये आलेले केसीसॅन दोन प्रोसेसरांचा असमन्वित स्मृतिवापर दाखवते. उपकरणाचे डीएमए लेखन मात्र या दोघांनाही दिसत नाही. त्यासाठी आयओएमएमयू उपयोगी पडते, कारण पत्त्याची जोडणी काढल्यानंतर झालेले लेखन ते अडवून नोंदवते.

उपकरण मंद आहे की इंटरप्टच हरवला, हेही वेगळे ओळखावे लागते. मुदत संपल्यावर एनव्हीएमई ड्रायव्हर प्रथम पूर्ततेची रांग स्वतः तपासतो. तेथे उत्तर आढळल्यास तो तशी नोंद करून विनंती यशस्वी मानतो. अशा नोंदी वारंवार दिसल्यास संशय डिस्कऐवजी इंटरप्टच्या मार्गावर घेतला जातो.