दहावीनंतर थेट इंजिनिअरिंग : सहा वर्षांचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की परभणीच्या बाजारपेठेत दोन प्रकारचे वडील भेटतात. एक लातूर-नांदेडच्या क्लासची चौकशी करणारे, दुसरे मुलाला दुकानावर बसवण्याच्या तयारीत असलेले. बहुतेक वेळा फरक असतो तो ऐपतीचा, मुलाच्या बुद्धीचा नव्हे. या दोघांच्या मधली तिसरी वाट आपल्या घरांत अजून फारशी पोहोचलेली नाही, म्हणून आज तिच्याविषयी.

ही वाट तंत्रनिकेतनाची. दहावीला किमान ३५ टक्के असले की तीन वर्षांच्या इंजिनिअरिंग पदविकेला अर्ज करता येतो. प्रवेश दहावीच्याच गुणांवर. आपल्या जिल्ह्यात जिंतूरला शासकीय तंत्रनिकेतन आहे. पुढे पदविकेत ४५ टक्के (मागासवर्गीयांना ४०) मिळाले की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. त्याला सीईटी लागत नाही, पदविकेचे गुण पाहतात.

व्यापारी माणसाला हिशेबच सांगावा. अकरावी-बारावीची दोन व पदवीची चार, एकूण सहा वर्षे. पदविकेची तीन व पदवीची उरलेली तीन, तीही सहाच! तेव्हा ‘एक वर्ष वाचते’ असे सांगणाऱ्या एजंटापासून सावध राहावे. फायदा निराळा आहे. सीईटीच्या क्लासचा खर्च टळतो आणि निम्म्या वाटेवर हातात पोटापाण्याचा कागद येतो. घरात आजारपण आले, धंदा बसला, तरी मुलगा ज्युनिअर इंजिनिअर किंवा सुपरवायझरच्या जागेला अर्ज करू शकतो. नुसत्या बारावीवर ते होत नाही.

आयटीआयवाल्यांनाही हा जिना चढता येतो. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्या कितीतरी मुलांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

पण या वाटेवर एक खड्डा आहे, तोही सांगितला पाहिजे. पदविकेत गणित सुरुवातीलाच संपते. पदवीच्या दुसऱ्या वर्षी ते एकदम वरच्या पायरीवर समोर येते आणि थेट आलेली मुले नेमकी तिथेच गळतात. उर्दू-मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीचे ओझे वेगळे. म्हणून पदविकेच्या शेवटच्या सुट्टीत पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित घरीच उरकून घ्यावे, हा आमचा आग्रह.

मुलींच्या बाबतीत तर ही वाट अधिक मोलाची वाटते. सोळा वर्षांच्या मुलीला परगावी क्लाससाठी ठेवायला पुष्कळ घरे तयार नसतात. जिंतूरला मात्र पाठवतात. पुढे पदवीला फीचाही आधार आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी व ईडब्ल्यूएस घरांतील मुलींना व्यावसायिक पदवीची शिक्षण व परीक्षा फी शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केली आहे. अट एवढीच की प्रवेश शासकीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत गेली.

हिशेबाकडे ओढा असलेल्यांसाठीही दार लवकर उघडते. सीएच्या फाउंडेशनसाठी २०२०पासून दहावीनंतरच तात्पुरती नोंदणी करता येते. परीक्षा मात्र बारावीनंतर.

आता कागदपत्रे. बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी या बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, तरी जातीचा दाखला काढलेला नसतो. उत्पन्नाचा दाखला व नॉन-क्रिमीलेअरही लागते. निकालानंतर सगळा जिल्हा तहसीलच्या दारात उभा असतो. हे काम मार्चमध्ये शेवटचा पेपर झाला की लगेच सुरू करावे.