महाविद्यालयीन सर्व्हरमधील रेड व्यवस्था आणि व्हर्च्युअल डिस्कची मांडणी

प्रस्तावना

बेळगाव शहरातील वडगाव हा भाग विणकरांचा म्हणून परिचित आहे. येथून, तसेच निपाणी व खानापूर परिसरातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रवेश अर्ज, दाखल्यांच्या प्रती, शिष्यवृत्तीची कागदपत्रे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण पूर्वी कार्यालयातील कपाटात असत; आता ते सर्व्हरमध्ये असतात. कपाटाला वाळवी लागली तर ती दिसते. हार्ड डिस्क मात्र पुष्कळदा कसलीही पूर्वसूचना न देता बंद पडते आणि सत्राच्या शेवटी गुणांची यादी मागितली जाते तेव्हाच तिचे महत्त्व कळते. लहान महाविद्यालयात सर्व्हरची जबाबदारी बहुधा संगणकशास्त्राच्या शिक्षकाकडेच येते. प्रस्तुत लेखात रेड व्यवस्थेचे तत्त्व आणि कंट्रोलरवर व्हर्च्युअल डिस्क तयार करताना घ्यावयाचे निर्णय यांचे विवेचन केले आहे.

संकल्पनेचा उगम

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली एक शोधनिबंध सादर केला. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त लहान डिस्क एकत्र वापराव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी तुलनेसाठी घेतलेली आयबीएमची मोठी डिस्क ७५०० मेगाबाइटची होती, तर लहान डिस्क १०० मेगाबाइटची. म्हणजे एका मोठ्या डिस्कच्या जागी ७५ लहान डिस्क. परंतु एका लहान डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर अशा १०० डिस्कच्या समूहात सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, कोणती तरी एक बंद पडणार. डिस्क वाढल्या की धोकाही वाढतो. यावर उपाय म्हणून जादा माहिती साठविण्याच्या पाच पद्धती त्यांनी मांडल्या. रेड ० व रेड ६ ही नावे नंतर रूढ झाली. रेड या नावातील ‘स्वस्त’ या अर्थाच्या शब्दाची जागा पुढे ‘स्वतंत्र’ या अर्थाच्या शब्दाने घेतली, कारण अशा व्यवस्था स्वस्त राहिल्या नाहीत.

पॅरिटी : गुणपत्रिकेचे उदाहरण

वर्गात ही कल्पना गुणपत्रिकेवरून सहज समजावून देता येते. एका विद्यार्थ्याला तीन विषयांत ७२, ६५ व ५८ गुण आहेत आणि शेवटी १९५ अशी बेरीज लिहिलेली आहे. शाई सांडून ६५ हा आकडा पुसला गेला, तरी १९५ मधून ७२ व ५८ वजा करून तो पुन्हा मिळतो. रेड ५ मध्ये हेच घडते. फक्त बेरजेऐवजी प्रत्येक बिटवर एक्सॉर ही क्रिया केली जाते आणि ही ‘बेरीज’ एकाच डिस्कवर न ठेवता सर्व डिस्कवर आळीपाळीने ठेवली जाते.

मात्र दोन आकडे पुसले गेले तर एका बेरजेने काम भागत नाही. म्हणून दुसरी बेरीज ठेवावी, जिच्यात पहिल्या विषयाला एकने, दुसऱ्याला दोनने व तिसऱ्याला तीनने गुणले आहे : ७२ अधिक १३० अधिक १७४, म्हणजे ३७६. आता ६५ व ५८ दोन्ही गेले असे समजू. पहिल्या बेरजेवरून त्या दोहोंची बेरीज १२३ येते. दुसऱ्या बेरजेवरून दुसऱ्या विषयाची दुप्पट अधिक तिसऱ्याची तिप्पट ३०४ येते. त्यातून १२३ ची दुप्पट, म्हणजे २४६, वजा केली की ५८ उरतात आणि मग ६५ आपोआप मिळतात. दहावीतील दोन चलांतील समीकरणेच ही. रेड ६ चे तत्त्व नेमके हेच आहे. प्रत्यक्षात साध्या संख्यांऐवजी फ्रेंच गणिती गॅल्वा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मर्यादित क्षेत्रातील अंकगणित वापरतात.

पातळीची निवड

दोन टेराबाइटच्या चार डिस्क असल्यास रेड ० मध्ये आठही टेराबाइट मिळतात, परंतु एक डिस्क गेली की सर्व गेले. महाविद्यालयाच्या नोंदींसाठी ही पातळी वापरूच नये. रेड ५ मध्ये सहा टेराबाइट मिळतात व एक डिस्क गेली तरी चालते. रेड ६ व रेड १० या दोहोंत चारच मिळतात. रेड ६ मध्ये कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी माहिती राहते. रेड १० मध्ये त्या दोन एकाच जोडीतील नसाव्या लागतात. मग रेड १० कशासाठी? लिहिण्याच्या वेगासाठी. एक लहानशी नोंद बदलताना रेड ५ मध्ये जुनी माहिती व जुनी पॅरिटी वाचणे आणि नवी माहिती व नवी पॅरिटी लिहिणे अशी चार कामे होतात, रेड ६ मध्ये सहा, तर रेड १० मध्ये दोनच.

कंट्रोलरवरील मांडणी

सर्व्हर सुरू होताना ठरावीक कळ दाबून कंट्रोलरच्या पडद्यावर जाता येते. कळ कंपनीनुसार बदलते. तेथे मोकळ्या डिस्क निवडून, रेडची पातळी, आकार व नाव देऊन व्हर्च्युअल डिस्क तयार करावयाची असते. स्ट्राइपचा आकार शंका असल्यास आहे तोच ठेवावा. नंतर इनिशिअलाइज करण्याचा प्रश्न येतो. नव्या डिस्कवर ते आवश्यक असते. जुनी माहिती असलेल्या डिस्कवर त्याला होकार देणे म्हणजे ती माहिती घालवणे.

खरी परीक्षा जुना कंट्रोलर बदलल्यावर होते. नवा कंट्रोलर त्याच डिस्कना ‘फॉरेन’, म्हणजे परक्या, ठरवतो आणि इम्पोर्ट की क्लिअर असे विचारतो. इम्पोर्टने डिस्कवरच नोंदलेली मांडणी स्वीकारली जाते. क्लिअरने ती पुसली जाते. शब्द सौम्य आहे, परिणाम नाही.

राइट बॅक आणि राइट थ्रू यांतील निवडही विचारपूर्वक करावी. राइट बॅकमध्ये माहिती आधी कंट्रोलरच्या स्मृतीत राहते व सवडीने डिस्कवर जाते; त्यामुळे वेग वाढतो. वडगावात वीज गेली की माग थांबतो, पण विणलेले कापड मागावर तसेच राहते. कंट्रोलरच्या स्मृतीतील माहितीचे तसे नाही. तिच्या रक्षणासाठी बॅटरी असते आणि ही बॅटरी काही वर्षांत निकामी होते. ती ठीक नसेल तर वेग कमी झाला तरी राइट थ्रू ठेवावे.

डिस्क बंद पडल्यानंतर

एक डिस्क गेल्यावर सर्व्हर चालू राहतो आणि नेमका म्हणूनच दुर्लक्ष होते. पिवळा दिवा महिनोन्‌महिने लुकलुकत राहतो. नवी डिस्क बसवताना आधी कंट्रोलरमधून ‘लोकेट’चा दिवा लावून खोबणी पडताळावी, चांगली डिस्क चुकून बाहेर काढली तर रेड ५ तेथेच कोसळते.

रिबिल्डमध्ये उरलेल्या सर्व डिस्क संपूर्ण वाचाव्या लागतात. साध्या डिस्कचे उत्पादक एकावर चौदा शून्ये इतक्या बिटांमागे एखादी न वाचता येणारी चूक मान्य करतात. म्हणजे सुमारे साडेबारा टेराबाइट. चार टेराबाइटच्या चार डिस्कच्या रेड ५ मध्ये रिबिल्डसाठी बारा टेराबाइट वाचावे लागतात. उत्पादकाचा आकडा ही कमाल मर्यादा असून प्रत्यक्ष स्थिती पुष्कळदा बरी असते, तरीही मोठ्या डिस्कसाठी रेड ६ किंवा रेड १० घेणे शहाणपणाचे ठरते. शिवाय बियांका श्रोडर आणि त्याच गार्थ गिब्सन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डिस्क बदलण्याचे वार्षिक प्रमाण सामान्यतः दोन ते चार टक्के आढळले आणि हे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र नसल्याचेही दिसले. एक गेली की दुसरीकडे लक्ष ठेवावे.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. लिपिकाने चुकून पुसलेली यादी रेड सर्व डिस्कवरून तितक्याच इमानाने पुसते. २०१९ व २०२१ च्या पुरांत निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी पुणे-बेंगळूर महामार्गावर आले होते. असे पाणी सर्व्हरच्या खोलीत शिरले तर सर्व डिस्क एकदमच भिजतील. म्हणून एक प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवावी आणि दर सत्रात तिच्यातील एखादी गुणयादी उघडून मूळ यादीशी ताडून पाहावी. डिस्कचे अनुक्रमांक, खोबणी व रेडची पातळी यांची नोंद मात्र कागदी वहीतच करावी, कारण सर्व्हर बंद असतानाच तिची गरज पडते.