आधी शाखा, मग लॅपटॉप

बारावीचा निकाल लागून सीईटी सेलच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या, की सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या दुकानात पालकांची ये-जा वाढते. मी लॅपटॉप विकत नाही, दुरुस्त करते. कोणत्या यंत्राचं दोन-तीन वर्षांत काय होतं, हे माझ्या टेबलावर रोज उघडं पडलेलं असतं. त्यावरून पालकांना मी एकच सांगते: जे भाग नंतर बदलता येत नाहीत त्यांवर पैसे घाला, आणि जे बदलता येतात तिथे आज हात आखडता घेतला तरी चालेल.

त्याआधी मात्र शाखा ठरू द्या. मेकॅनिकलच्या मुलांना सॉलिडवर्क्स लागतं, आर्किटेक्चरला आणि बऱ्याच ठिकाणी सिव्हिललाही रेव्हिट लागतं. ही दोन्ही सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी बनलेली आहेत. त्या मुलांना हौसेने मॅकबुक घेऊन दिलं, तर यंत्र उत्तम असूनही अभ्यासाला अडतं. कॉम्प्युटरच्या मुलांचं काम विंडोज, मॅक, उबुंटू कशावरही होतं. डेटा सायन्स शिकणाऱ्याला सुरुवातीला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, कारण गूगल कोलॅबवर ब्राउझरमधूनच जड प्रोग्रॅम चालवता येतात. कॉमर्सला टॅली आणि एक्सेल, म्हणजे विंडोज हवं, पण साधं यंत्र पुरतं. कला, विधी, पत्रकारिता या शाखांत चांगला कीबोर्ड, हलकं वजन आणि दिवसभर टिकणारी बॅटरी यांनाच खरी किंमत आहे.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी छोटे प्रोग्रॅम आणि रिपोर्ट यांपलीकडे फारसा भार नसतो. त्यामुळे प्रवेशाआधी घाई करण्याचं कारणच नाही. कॉलेज सुरू होऊ द्या. लॅब असिस्टंटना आणि वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा, ‘कोणत्या वर्षी कोणतं सॉफ्टवेअर वापरता?’ ती यादी हातात आली की निम्मा निर्णय झाला. शिवाय ऑटोडेस्कची ऑटोकॅड, रेव्हिटसारखी सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी मोफत मिळतात, तेव्हा त्यांचा खर्च हिशेबात धरू नका.

आता प्रोसेसर. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार मुलीसाठी घेतलेला जुना लॅपटॉप दाखवायला आले होते. “ताई, आय-सेव्हन आहे. आय-थ्रीपेक्षा भारीच ना?” यंत्रात होता आय७-७५००यू. आय७च्या पुढचा पहिला ७ ही त्याची पिढी, म्हणजे सातवी. त्याला कोअर दोनच. बाराव्या पिढीतल्या साध्या आय३-१२१५यूला सहा कोअर आहेत आणि कामात तो या आय७ला सहज मागे टाकतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे विंडोज ११ला इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर अधिकृतपणे चालतात, आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कष्टाचे पैसे घातलेलं यंत्र आपल्या मुलीला पुरणार नाही, हे ऐकताना त्यांचा चेहरा उतरला. म्हणूनच हे लिहिते आहे. नावातल्या ३-५-७ वर जाऊ नका, पुढचा आकडा वाचा.

एएमडीच्या रायझनमध्येही हेच पाहावं लागतं. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू शेजारी ठेवले तर एकाच आकड्याचा फरक दिसतो. पण तो तिसरा आकडा आतल्या रचनेचं वय सांगतो. ७५२०यूमध्ये जुनी झेन २ रचना आणि चार कोअर आहेत, तर ७५३०यूमध्ये झेन ३ आणि सहा. दुकानदाराकडून पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि घरी शांतपणे तपासा.

रॅम आज किमान ८ जीबी हवी, डिझाइन आणि प्रोग्रॅमिंगच्या मुलांना १६. इथे एक प्रश्न नक्की विचारा: ‘रॅम वाढवता येते का?’ अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. मग ८ घेतली की कायम ८च. तसं असेल तर पहिल्या दिवशीच १६ घ्या. रिकामा स्लॉट असेल, तर ८ वर सुरुवात करून दुसऱ्या वर्षी वाढवा. एसएसडी बहुतेक यंत्रांत बदलता येते, त्यामुळे ५१२ जीबी पुष्कळ झाली. फिरती हार्ड डिस्क असलेलं यंत्र मात्र घेऊच नका. ती मंद असते आणि धक्क्याने बिघडते.

माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांत मोडलेल्या बिजागऱ्या खूप असतात. स्वस्त बॉडीत बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत आवळलेले असतात. कोपरा धरून झाकण उघडत राहिलं की प्लास्टिक फाटतं. दुकानात झाकण उघडून स्क्रीन किती डुलतो ते पाहा, कीबोर्डच्या मधोमध दाबून तो खचतो का पाहा, आणि मुलाला त्यावर दोन परिच्छेद टाइप करू द्या. स्क्रीन आयपीएस आणि ३०० निट्सचा असेल तर उत्तम. टाइप-सीने चार्ज होणारं यंत्र घ्या, म्हणजे हॉस्टेलवर चार्जर हरवला तरी तेवढ्या वॉटचा दुसरा सहज मिळतो.

“गेमिंग लॅपटॉप घेतला की सगळंच चालेल,” असं मुलं म्हणतात. थ्रीडी मॉडेलिंग करणाऱ्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड खरोखर उपयोगी पडतं. इतरांनी सव्वादोन किलोचं यंत्र आणि त्याचा जड चार्जर रोज एसटीतून वाहायचा, आणि दुपारीच बॅटरी संपलेली पाहायची, यात काय मिळवलं?

व्यवहारही नीट करा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधीपासून धरली आहे ते तपासा. मूल हॉस्टेलवर राहणार असेल, तर पडझडीपासूनचं जादा संरक्षण खरेदीच्या वेळीच विचारा. शैक्षणिक कर्ज काढत असाल तर बँकेत सांगा. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत अभ्यासासाठी लागणारा संगणकही खर्चात धरलेला आहे.

सेकंडहँड घेण्यात कमीपणा काहीच नाही. ऑफिसातून निघालेली बिझनेस मॉडेल पुष्कळदा नव्या स्वस्त यंत्रांपेक्षा मजबूत असतात. फक्त पिढी पाहा आणि विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली आहे ते बघा.

शेजारच्याच्या मुलाने काय घेतलं, हे मनातून काढून टाका. शाखा, सॉफ्टवेअरची यादी आणि पूर्ण मॉडेल नंबर या तीन गोष्टी कागदावर लिहा आणि मुलाला सोबत घेऊनच दुकानात जा. त्या कागदात बसेल ते सर्वांत स्वस्त यंत्र निःशंक मनाने घ्या.