पुठ्ठ्याचा तुकडा : आठवण की भांडवल?

दुकानात बसणाऱ्याला कोणतीही वस्तू हातात आली की आधी भाव विचारायची सवय असते. पण वस्तूला दोन भाव असतात, एक बाजाराचा आणि एक मनाचा. दोन्हींची गल्लत झाली की नुकसान ठरलेले. अमेरिकेतील बेसबॉल कार्डांचा धंदा याचा चांगला नमुना आहे.

आपल्याकडे क्रिकेट, तसा तिकडे बेसबॉल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या सिगारेट कंपन्या पाकिटात खेळाडूंची चित्रे असलेली कार्डे घालू लागल्या. पाकीट दबू नये आणि गिऱ्हाईक परत यावे, हा हेतू. मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यावर रंगीत चित्रांची लेबले चिकटवत, त्यातलाच हा प्रकार. पुढे ही कार्डे च्युइंगगमसोबत मिळू लागली. मुले ती खिशात बाळगत, अदलाबदल करत, सायकलच्या चाकाला लावून फटफट आवाज काढत. मुले मोठी झाली की घरातल्यांनी ती रद्दीत टाकली.

टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या कार्डांचा शेवटचा भाग हंगाम संपता संपता बाजारात आला आणि पडून राहिला. गोदाम मोकळे करण्यासाठी १९६० मध्ये हा माल समुद्रात बुडवला, असे कंपनीचे साय बर्जर सांगत. त्याच भागात मिकी मँटल या खेळाडूचे कार्ड होते. त्याची एक उत्तम स्थितीतली प्रत १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला विकली गेली. तीच प्रत ऑगस्ट २०२२ च्या लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेली.

जुन्या कार्डांचे असे भाव ऐकून १९८० नंतर लोक नवी कार्डे पेट्यांनी घेऊन ठेवू लागले. मुलांच्या शिक्षणाला कामी येतील, असा हिशेब. कंपन्यांनीही बेसुमार छपाई केली. सर्वांनीच माल जपून ठेवला, मग टंचाई येणार कुठून? १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, गिऱ्हाईक आणखी दुरावले. त्या काळातली बहुतेक कार्डे आज कवडीमोल आहेत. ज्यांनी आवडीने घेतली, त्यांचे काही गेले नाही, त्यांचा आनंद वसूल झाला होता. ज्यांनी नफ्यासाठी घेतली, त्यांच्या हाती ना पैसा आला, ना आठवण.

बंधूंनो, यात आपल्यासाठी धडा आहे. माल घेतानाच नियत ठरवावी. विकण्यासाठी घेतला तर तो तिजारतीचा माल. त्याचा भाव लिहावा, साल पुरे झाल्यावर चालू बाजारभावाने अडीच टक्के जकात काढावी आणि वेळ आली की मोह न धरता विकावा. "या डिझाइनवर माझा जीव आहे" म्हणून तागे धरून बसणारे दुकानदार आपण पाहिले आहेत. कसर लागते, व्याप वाढतो, भांडवल अडकते. आणि जी वस्तू मनासाठी ठेवली, तिचा भाव रोज विचारू नये.

वालिदसाहेबांचा कापड मोजायचा लोखंडी गज माझ्याकडे आहे. मीटर आला आणि तो निकामी झाला. भंगारवाला त्याचे थोडे पैसे देईल. पण तो माझ्या खतावणीत नाही, गल्ल्याशेजारी उभा आहे. मापात खोट येऊ नये, एवढी आठवण तो रोज देतो.