फ्लेमिंगोचा उडतानाचा फोटो हवाय? भिगवणला बोटीत बसण्याआधी हे वाचा

हिवाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी पुणे-सोलापूर महामार्गावरून अनेक गाड्या भिगवणकडे वळतात. पुण्यापासून साधारण १०० किलोमीटरवर, उजनी धरणाच्या फुगवट्यात फ्लेमिंगो, म्हणजेच रोहित पक्षी पाहण्यासाठी ही गर्दी असते. बोटीत बसल्यावर मात्र हमखास एक फर्माईश होते, ‘दादा, जरा जवळ घ्या, उडताना फोटो पाहिजे.’ या एका फोटोची किंमत पक्ष्यांना मोजावी लागते. ती कशी, समजून घेऊया.

फ्लेमिंगो भिगवणलाच का येतात?

उजनी धरण भीमा नदीवर आहे. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो. पुढे सिंचनासाठी पाणी सोडलं जातं, पातळी उतरते आणि काठावर उथळ, गाळाचं पाणी तयार होतं. फ्लेमिंगोला नेमकं तेच हवं असतं. तो मान खाली घालून चोच पाण्यात उलटी धरतो आणि जिभेने पाणी आत-बाहेर करतो. चोचीतल्या गाळणीत बारीक जीव आणि शेवाळ अडकतं. पाणी खोल असेल तर त्याला असं चरता येत नाही. त्यामुळे पातळी उशिरा उतरली, तर फ्लेमिंगोही उशिरा दिसतात.

काही फ्लेमिंगो पांढरे का दिसतात?

मुलांचा हा प्रश्न ठरलेला असतो. गुलाबी रंग खाण्यातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यामुळे येतो. पिल्लं राखाडी असतात आणि गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षं लागतात. थव्यात फिकट, मळकट दिसणारे पक्षी बहुतेक वेळा वयाने लहान असतात.

उडवलं तर बिघडतं काय?

फ्लेमिंगो जागेवरून थेट उडत नाही. आधी पाण्यावर धावत वेग घ्यावा लागतो. त्यात बरीच ताकद खर्च होते आणि तेवढा वेळ खाणंही थांबतं. एका बोटीने एकदा उडवलं तर थवा थोड्या वेळाने पुन्हा बसेल. पण दिवसभर एकामागून एक बोटी तेच करत राहिल्या, तर पक्षी ती जागा सोडतात. मग नुकसान बोट चालवणाऱ्या स्थानिक मच्छीमारांचंही होतं, कारण पर्यटक पक्ष्यांसाठीच येतात.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील ‘शिकारी’च्या व्याख्येत फक्त मारणं नाही, तर पकडणं, हाकणं आणि घरट्यांना त्रास देणं हेही येतं.

कुठे थांबायचं, हे कसं ओळखाल?

पक्षी स्वतःच सांगतात. माना खाली असतील, तर ते निवांत चरत आहेत. एकामागून एक माना वर आल्या, तर त्यांनी तुमची दखल घेतली आहे. सगळा थवा एकाच दिशेने चालू लागला, तर बोट आधीच जास्त जवळ गेलेली आहे. माना वर येताच इंजिन बंद करायला सांगा. काही मिनिटं शांत बसलात, तर बऱ्याचदा माना पुन्हा खाली जातात आणि चोच उलटी धरून चरणारा फ्लेमिंगो नीट पाहता येतो.

कुटुंबासह जाताना हे लक्षात ठेवा

• सकाळी लवकर पोहोचा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि फोटो धूसर येतात.
• ८×४२ ची दुर्बीण पुरेशी आहे. ८ म्हणजे आठपट मोठं दिसणं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास.
• भडक कपडे, मोठ्याने गाणी आणि ड्रोन टाळा.
• लाइफ जॅकेट सगळ्यांनी घाला, पोहता येत असलं तरी.
• फक्त फ्लेमिंगोच पाहू नका. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो. चित्रबलाक, चक्रवाक आणि चमचाही दिसतात. मुलांना वहीत नोंदी करायला सांगा.
• बोट ठरवतानाच सांगा, ‘दादा, पक्षी उडवायचे नाहीत, लांबूनच बघू.’ गिऱ्हाईकच असं म्हणालं, तर बोटवाल्यावर जवळ नेण्याचा दबाव राहत नाही.